रोजनिशीतील कोरी पाने

संपादक महोदय,

नव्या वर्षाची डायरी जानेवारीत हौसेने उघडायची आणि फेब्रुवारी सरता सरता ती कपाटात टाकून द्यायची, हा प्रकार घरोघरी चालतो. माझ्या घरी तो तीन वेळा झाला. यंदाच्या गुढीपाडव्याला मी चौथ्यांदा रोजनिशी लिहायला घेतली. ती चार महिने टिकली आहे आणि आधीच्या खेपांना ती का सुटली, हेही आता माझ्या ध्यानात आले आहे. तुमच्या वाचकांपैकी अनेकांच्या कपाटात अशा अर्धवट डायऱ्या असतील, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पहिली खेप महाविद्यालयात असतानाची. तिच्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. दुसऱ्या खेपेची हळहळ मात्र अजून जात नाही. २००५ सालची ती डायरी निळ्या रेक्झिनची आहे, रोज एक पान, वर वार आणि तारीख छापलेली. १४ फेब्रुवारीपर्यंत मजकूर आहे, पुढे काही नाही. २६ जुलै, मंगळवार, हे पानही कोरेच आहे. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो हा दिवस. माझी लोकल शीव आणि कुर्ला यांच्या दरम्यान थांबली आणि अंधार पडल्यावर आम्ही काही जण रुळांवरून, मग रस्त्याने, ठाण्याच्या दिशेने चालू लागलो. साठीच्या एका गृहस्थांनी छत्रीच्या टोकाने पाण्याखालचा रस्ता चाचपत, उघड्या गटारांपासून आम्हाला सांभाळत विक्रोळीपर्यंत नेले. तिथे एका चाळीच्या व्हरांड्यात आम्ही रात्र काढली आणि त्या बिऱ्हाडांतील बायकांनी सगळ्यांना कोरा चहा दिला. दुसऱ्या दिवशी मुलुंडला निरोप घेताना त्या गृहस्थांनी नाव आणि इमारत सांगितली, मीही ‘नक्की येऊन जातो’ म्हणालो. आज मला त्यांचे नाव आठवत नाही. मी घरी दुपारी पोहोचलो की दिवेलागणीला, यावर माझे आणि पत्नीचे अजून एकमत नाही. त्या रात्रीच्या इतक्या हकिगती मी पुढे इतरांकडून ऐकल्या, की माझ्या आठवणीत माझे किती आणि ऐकलेले किती, हे मला खात्रीने सांगता येत नाही. घरी आल्यावर चार ओळी लिहिल्या असत्या, तर त्या सज्जन माणसाचे नाव तरी माझ्यापाशी राहिले असते.

तिसरी खेप २५ मार्च २०२० ची. पाडवा आणि टाळेबंदीचा पहिला दिवस एकच होता आणि हाताशी वेळच वेळ होता. मी रोज तीन-तीन पाने लिहीत असे. जीवनाविषयी, मृत्यूविषयी, माणुसकीविषयी. आज ती पाने वाचताना वाईट वाटते, कारण त्या दिवसांत आमच्या सोसायटीच्या फाटकावर भाजी कोण आणून देत होते, शेजारच्या काकूंना रुग्णालयात कधी नेले, यातले काही त्यांत नाही. ११ मे रोजी विचार आटले, लेखनही थांबले.

रोजनिशी या शब्दाकडेच मी नीट पाहिले नव्हते. फारसीतील ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. चिटणीस, फडणीस, पारसनीस ही आपली आडनावे त्याच मुळाची आणि रोजनिशी म्हणजे रोजचे टिपण. दप्तरातील कारकून दिवसाची नोंद करून वही मिटत असे, त्या दिवसाविषयी आपल्याला काय वाटले ते लिहिण्याची त्याच्यावर सक्ती नव्हती. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे घराण्याची शकावली, म्हणजे सालवार घटनांची यादी, लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यातील नोंदी एक-दोन ओळींच्या, कोरड्या आहेत. परंतु शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेचा, हे ठरवताना त्यातल्याच एका नोंदीचा मोठा आधार झाला. कोणी तरी तिथी टिपून ठेवली आणि पुढच्या पिढ्यांनी ते कागद जपले, म्हणून हे घडले.

यंदा मी छापील तारखांची डायरी घेतलीच नाही. कोरे पान रोज टोचते आणि आठवडा चुकला की पुन्हा हात लावायची लाज वाटते, हे मी दोनदा अनुभवले आहे. साधी दोनशे पानी एकरेघी वही घेतली. तारीख आपणच घालायची, चार ओळींच्या वर जायचे नाही. मे महिन्यात तापाने नऊ दिवस पडून होतो, तेव्हा एक आडवी रेघ मारली, ‘आजारी होतो’ एवढे लिहिले आणि खाली दहाव्या दिवसाची तारीख घातली. ती रेघ मारता आली म्हणूनच वही आज चालू आहे, असे मी मानतो. परवाची नोंद अशी आहे : ‘सकाळी सातपासून पाऊस. दूधवाला आला नाही. धाकट्या बहिणीचा फोन, तिच्या सासऱ्यांचे डोळ्याचे ऑपरेशन नीट झाले. भेंडी ३० रुपये पाव.’ याला साहित्य कोणी म्हणणार नाही, पण हा दिवस माझ्या हातून निसटलेला नाही.

आपल्याला एक विनंती आहे. २६ जुलैच्या आठवणी वर्तमानपत्रांत येतात, त्या बहुतेक मागाहून सांगितलेल्या असतात. ज्या वाचकांनी त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी वहीत, कॅलेंडरच्या चौकटीत, हिशेबाच्या कागदावर काही लिहून ठेवले असेल, त्यांच्याकडून त्या ओळी जशाच्या तशा मागवाव्यात आणि मजकुरात फेरफार न करता छापाव्यात. विक्रोळीच्या त्या चाळीतील एखाद्या घरातही अशी नोंद असेल, तर ती वाचण्याची मला फार इच्छा आहे.

आपला नम्र,
एक वाचक, ठाणे