वादळाचा कचरा रस्त्यावरून हटतो, खाडीतला कोण काढणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गोव्यात दर मे महिन्यात मान्सूनपूर्व तयारीच्या बातम्या येतात, धोकादायक झाडं छाटली, गटारं उपसली, कंट्रोल रूमचा नंबर दिला, आणि हे सगळं व्हायलाच पाहिजे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण वादळ येऊन गेल्यावर जो कचरा नदीत, खाडीत, खारफुटीत जाऊन अडकतो तो कोणी काढायचा आणि काढून कुठे टाकायचा हे त्या बातम्यांत कधीच वाचायला मिळत नाही. त्यासाठी हे पत्र.

16 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ गोव्याजवळून गेलं ते सगळ्यांना आठवत असेल, रविवार होता, वर कोरोनाचा कर्फ्यू. झाडं पडली, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावं अंधारात होती. अग्निशमन दलाची माणसं आणि लाइनमन तेव्हा ज्या परिस्थितीत राबले त्याला तोड नाही. पण रस्ता मोकळा करणं म्हणजे कचरा साफ करणं नव्हे. आमच्या भागात कापलेले ओंडके, माडाच्या झावळ्या, फुटलेले पत्रे हे सगळं रस्त्याच्या कडेला ढकललं गेलं, कडेला ओहोळ, आणि जूनचा पहिला जोरदार पाऊस आला तसं ते सगळं वाहून शापोरा नदीत गेलं. विचारायला गेलो तर एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात, रस्त्याचं काम वेगळ्या खात्याचं, नदीचं वेगळ्या, खारफुटीचं आणखी तिसऱ्याच.

आमची शेती खाजणात, म्हणजे खाडीकाठी बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीत आहे म्हणून मला हे जास्त जाणवतं. ज्यांनी मानस जवळून बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते, बांधाला जिथे तोंड असतं तिथे लाकडी दारं बसवलेली असतात, भरतीचं पाणी चढायला लागलं की पाण्याच्या दाबानेच ती मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलून उघडतात, ना मोटर ना वीज. पण त्या दाराच्या फटीत एक हातभर लाकूड आडवं अडकलं ना, की दार मिटत नाही. मग दर भरतीला खारं पाणी आत येत राहतं. पावसाने जमिनीतलं मीठ धुवून काढायचं, मग रुजवलेलं बी टाकायचं, हा खाजणाचा सगळा हिशेब, आणि तो त्या एका लाकडामुळे कोसळतो, एका शेतकऱ्याचा नाही तर त्या बांधाच्या आतल्या सगळ्या कुळांचा. लाकूड निदान दिसतं तरी. नायलॉनचं तुटकं जाळं दाराच्या बिजागरीला गुंडाळलं गेलं की ते सोडवायला माणसाला ओहोटीच्या वेळी कमरेएवढ्या चिखलात उतरून कोयत्याने एकेक धागा कापावा लागतो, आणि त्या चिखलात पत्र्याचे तुकडे असतात, काचा असतात, खिळे असतात.

जाळ्यांचं तर वेगळंच. वादळात सुटलेलं जाळं पाण्यात मरत नाही, ते तसंच मासे, खेकडे पकडत राहतं, कोणाच्या पोटात न जाता ते मासे तिथेच कुजतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते ती मासळीला वाढू देण्यासाठी, आणि त्याच दोन महिन्यांत ही बेवारस जाळी खाली मासेमारी करत असतात. बंदी उठली की तीच जाळी होडीच्या पंख्यात अडकतात. फायबरच्या फुटलेल्या होड्या सुद्धा खारफुटीत वर्षानुवर्षं पडून असतात, त्या कुजत नाहीत, नुसता बारीक बारीक चुरा होतो आणि तो पाण्यात मिसळतो.

अमेरिकेत दरवर्षी हरिकेन येतात, त्यांच्याकडे पैसा आहे हे मान्य, पण त्यांच्या काही गोष्टींना पैसा कमी आणि आधीचा विचार जास्त लागतो. वादळानंतर लोकांना सांगितलं जातं की घरासमोर ढीग वेगवेगळे करा, झाडपाला एकीकडे, बांधकामाचा मलबा एकीकडे, फ्रिज-वॉशिंग मशीन एकीकडे, रंग-केमिकलचे डबे एकीकडे. सगळं एकत्र झालं की मग त्याचं काहीच करता येत नाही, नुसतं पुरायचं. किनारी राज्यांसाठी तिथे आधीच लिहून ठेवलेले आराखडे आहेत, पाण्यातला कचरा कुठल्या खात्याच्या हद्दीत, बुडालेली बोट कोणी काढायची, परवानगी कोणाची. 2005 च्या कतरिनानंतर मेक्सिकोच्या आखातात पाण्याखाली काय काय पडलंय ते सोनार यंत्राने, म्हणजे पाण्यात आवाजाच्या लहरी सोडून, शोधून त्याचे नकाशे मच्छीमारांना दिले गेले. 2024 च्या हेलेननंतर फ्लोरिडात रस्त्यांवर आणि घरांत आलेली वाळू गोळा केली, चाळली आणि परत किनाऱ्यावर नेऊन टाकली.

ह्या वाळूच्या मुद्द्यावर आपण थांबून विचार करायला हवा. आपल्याकडे किनारा साफ करायचा म्हणजे जेसीबी आणायचा असं झालंय. जेसीबी कचऱ्याबरोबर वाळू उचलतो, वाळूवर पसरलेली मर्यादवेल उपटतो, आणि ती वेलच वाळूची टेकडी धरून ठेवते. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि उशिराच्या घरट्यांतली पिल्लं मे महिन्यात सुद्धा बाहेर येत असतात, म्हणजे नेमकी वादळाच्या दिवसांत. अशा ठिकाणी हातानेच कचरा उचलायला पाहिजे, दुसरा मार्ग नाही. खारफुटीतही तेच, मशीनने ओढलं की मुळं तुटतात, तिथे भरतीला छोटी होडी घेऊनच जावं लागतं. आणि पडलेलं प्रत्येक झाड काढायलाच हवं असंही नाही, मानशीपासून आणि होड्यांच्या वाटेपासून लांब असलेलं लाकूड तसंच राहू दे, त्याच्या आडोशाला मासळी राहते. काढायचं ते प्लास्टिक, जाळी, फायबर, पत्रे. जुने सिमेंटचे पत्रे तर जास्तच सांभाळून, त्यात अ‍ॅसबेस्टॉस असतं, त्याची धूळ श्वासातून फुफ्फुसात गेली की घातक, म्हणून ते ओले करून, तोंडाला नीट मास्क लावून, न फोडता उचलायचे असतात, आणि आपल्याकडे पोरं उघड्या हाताने ते फोडून टेम्पोत भरतात. हे बघवत नाही.

उशीर केला की काय होतं ते गोव्याने रिव्हर प्रिन्सेसच्या वेळी बघितलंय. जून 2000 मध्ये खराब हवेत ते जहाज कांदोळी-सिकेरीच्या किनाऱ्याला लागलं, आणि ते पूर्ण निघेपर्यंत 2012 उजाडलं. तोपर्यंत जहाज वाळूत रुतत गेलं, किनारा खचत गेला, खर्च वाढत गेला. वाळूत रुतायच्या आधी निघालं तरच स्वस्तात निघतं, मग ते जहाज असो की जाळं.

पैशाचं कारण कोणी देऊ नये. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत सार्वजनिक जागेतला मलबा हटवण्याचा खर्च धरलेला आहे. नदी आणि खाडी ही सार्वजनिक जागाच आहे. आपले रापणकार (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे) आणि छोट्या होडीवाले पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात फारसे जाऊ शकत नाहीत, खाडीच्या कुठल्या कोपऱ्यात काय अडकलंय हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नाही, पाऊस सांभाळून आतल्या खाड्यांत त्यांना रोजावर हे काम द्या. प्रत्येक पंचायतीने मे महिन्याच्या आधी पाण्यापासून लांब अशी एक जागा ठरवून ठेवावी जिथे हा कचरा वेगवेगळा करून ठेवता येईल. मानशींची यादी करून वादळानंतर पहिल्या ओहोटीला आधी त्या तपासाव्यात. आणि तालुक्याला एकच अधिकारी नेमावा ज्याला फोन केला की तो हे दुसऱ्या खात्याचं काम आहे असं म्हणणार नाही. अरबी समुद्रात मे-जूनमध्ये वादळं येतात तशी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येही येतात, 2017 चं ओखी डिसेंबरमध्येच आलं होतं आणि पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये (तात्पुरत्या हॉटेलांत) पाणी शिरलं होतं, तेव्हा ही जागा आणि ही यादी वर्षातून दोनदा तपासली जावी. आमच्या पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे, इतर गावांतल्या वाचकांनीही आपापल्या ग्रामसभेत द्यावा ही विनंती.

आपली,
एक वाचक, पेडणे