बेबी बिअर्डेड ड्रॅगनला वाळूची पेटी देऊ नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात बेबी बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे पाळायच्या सरड्याचं पिल्लू, आणला, जेमतेम वीतभर, आणि दुकानदाराने सोबत माशांची छोटी काचपेटी अन् पिशवीभर वाळू दिली, म्हणे वाळवंटातला प्राणी आहे! मला खरंच वाईट वाटलं. हा सरडा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला हे बरोबर, पण पिल्लू किडा पकडताना वाळू गिळतं आणि आतडी तुंबू शकतात. खाली साधा टिश्यू पेपर अंथरा ना, रोज बदलता येतो. पेटी निदान अडीच फूट लांब हवी, कारण एका टोकाला बल्बखाली ४० अंशांच्या आसपास शेक आणि दुसऱ्या टोकाला २५-२८ चा गारवा लागतो, छोट्या पेटीत सगळीकडेच भट्टी होते, पिल्लू जाणार कुठे? यूव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा, तर हवीच, ती नसेल तर हाडं मऊ पडतात, आणि बंद खिडकीतलं ऊन चालत नाही कारण काच यूव्हीबी अडवते. आम्ही पेटी बदलली त्या दिवशी पिल्लू दगडावर चढलं, पोट चपटं करून, तोंड किंचित उघडं ठेवून कितीतरी वेळ शेकत बसलं. मोठं झाल्यावर ४ फुटी पेटी लागते, हे दुकानदारांनी विकतानाच सांगायला हवं.

– एक वाचक, पुणे