आमच्या फॉर्माचं काय झालं, सर?

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. माझी पीएच.डी. महिला बचत गटांवर आहे. गेल्या पावसाळ्यात आठवडी बाजारात एक बाई भेटल्या. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या ओट्यावर बसून मी चार पानांची प्रश्नावली भरून घेतली होती. ‘बचत गटामुळे आपले सक्षमीकरण झाले असे आपणास वाटते का?’ खाली पाच पर्याय, ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंत. तेव्हा त्या हसून म्हणाल्या होत्या, ‘तुम्हाला काय पाहिजे ते लिहा, सर.’ मी ‘सहमत’वर खूण केली होती. बाजारात त्यांनी मला ओळखलं आणि विचारलं, ‘आमच्या त्या फॉर्माचं काय झालं हो? प्रकरण मंजूर झालं का?’

नऊ वर्षं त्यांना वाटत होतं की मी कर्जाचा फॉर्म भरून नेला.

त्या फॉर्माचं काय झालं ते आपल्याला सांगतो. त्याच्या टक्केवाऱ्या झाल्या, तक्ते झाले, जाडजूड इंग्रजी प्रबंध झाला. एक प्रत विद्यापीठात, एक माझ्या कपाटात, पीडीएफ ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर. व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाला, पेढे वाटले. मग कॉलेजांना श्रेणी देणारं ‘नॅक’ आलं, पदोन्नतीची फाइल आली, म्हणून त्याच प्रबंधाचे तुकडे करून पेपर काढले. त्यातला एक दीड हजार रुपये भरून छापून आणला, हेही कबूल करतो. अंक ‘बहुविद्याशाखीय’ होता. जिल्हा परिषद शाळांतली गळती, विहिरीच्या पाण्यातले क्षार, किशोरवयीन मुलींमधला रक्तक्षय, संतसाहित्यातलं पर्यावरण आणि माझे बचत गट, सगळे एका पुठ्ठ्यात. विविधता म्हणाल तर भरगच्च होती. वाचक मात्र कुणी नसावा. मुद्रितं तपासणाऱ्यानेही वाचला नसावा, कारण माझ्याच आडनावात चूक होती.

हा एकट्या माझ्या कॉलेजचा आजार नाही. डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीची चिरफाड केली. विद्यापीठांनी शिफारस केलेल्या आणि कुठल्याही मान्य सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत, असं त्यांना आढळलं. त्यानंतर यूजीसीची ‘केअर’ ही नवी यादी आली, २०२५ मध्ये तीही गेली. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, दाखवून पैसे मागणारे मेसेज मला अजून येतात.

पण याच महाराष्ट्रात गावात केलेलं संशोधन गावाच्या उपयोगी पडलेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत आरोग्यदूत बायकांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवलं. तिथले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत साठ टक्क्यांहून अधिक घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं, आणि पुढे आशाताईंच्या कामात ही पद्धत देशभर आली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळी कोकरं देणारा गुण दख्खनी मेंढीत आणला आणि तो धनगरांच्या स्वतःच्या कळपांत चालवून पाहिला. महाडला डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर रक्तदाबाचं औषध, प्राझोसिन, वापरून माणसं वाचवली. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आहार आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास झाला. दिसायला बारीक पण अंगात चरबी अधिक, असं आपलं बाळ असतं, हे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी त्यातून जगाला दाखवलं.

विषय बघा किती वेगळे. पण या सगळ्या कामांत मला एक गोष्ट सारखी दिसते: ही माणसं प्रश्नावली भरून निघून गेली नाहीत. त्याच लोकांत राहिली, नाहीतर पुन्हा पुन्हा त्यांच्या दारी गेली.

म्हणून माझी मागणी एकच आहे. गावातून माहिती घेऊन जो प्रबंध होतो, त्याचा चार पानी मराठी गोषवारा त्या गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय पीएच.डी.चा अंतिम व्हायव्हा होऊ नये. लोक काय म्हणाले, हे प्रबंधाच्या शेवटी जोडावं. प्राध्यापकांच्या पदोन्नतीत दीड हजारांच्या पेपरऐवजी हे धरावं.

नियम यूजीसीचे, आमच्या हातात काही नाही, असं उत्तर येईल याची कल्पना आहे. पण २०१६ साली आपल्याच खात्याने ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ सुरू केलं. आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राच्या मदतीने अभियांत्रिकीच्या मुलांनी गावच्या नळपाणी योजना तपासाव्यात, अहवाल प्रशासनाला द्यावेत, यासाठीचा शासन निर्णय मंत्रालयातूनच निघाला होता. तेव्हा दिल्लीची वाट पाहिली नव्हती. आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून आमच्या कॉलेजातही फलक लागला. त्या भाषेत चार पानं लिहायला नव्या निधीची गरज पडू नये.

बाजारातल्या त्या प्रश्नानंतर मला चैन पडेना. दिवाळीच्या सुट्टीत मी प्रबंधाचा गोषवारा मराठीत लिहिला आणि त्या गावी, गटाच्या बैठकीत वाचला. सतरंजीवर बारा-तेरा बायका, मध्ये शिल्लकेची वही. ‘अंतर्गत कर्जाचा सर्वाधिक वापर शेळीपालनासाठी झाला’ या वाक्याला एकदम हशा पिकला. मला कळेना. सचिव असलेल्या बाई म्हणाल्या, ‘सर, शेळी वहीत लिहावी लागते. पैसे दवाखान्यात गेले. कुणाचे पोरीच्या फीला. शेळी कुणी घेतली गं?’ एक हात वर झाला. तीही म्हणाली, ‘माझी आधीचीच होती.’

चार आकडेशास्त्रीय चाचण्या लावून मी जे सिद्ध केलं होतं, ते त्यांनी दोन मिनिटांत खोडून काढलं. माझ्या मार्गदर्शकांना आणि बाहेरून आलेल्या दोन परीक्षकांना ते दिसलं नव्हतं. कसं दिसणार? त्यांच्यापर्यंत फक्त तक्ता पोचला होता.

तर, मंत्रिमहोदय, माझ्या प्रबंधातल्या चौथ्या प्रकरणातला कर्जवापराचा तक्ता चुकीचा आहे आणि तो अजून ‘शोधगंगा’वर आहे. तो दुरुस्त करायला विद्यापीठात कुठला फॉर्म भरायचा, तेवढं आपल्या खात्याने कळवावं, ही विनंती.

आपला,
एक सहायक प्राध्यापक