परीक्षा कडक ठेवा, पण उत्तीर्ण झालेल्यांना ताटकळत ठेवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत मी आरोग्य सहायक म्हणून 31 वर्षे काम केले आणि त्यातला मोठा काळ धडगाव व अक्कलकुवा तालुक्यांत गेला. परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन परतलेल्या मुलांना इथे डॉक्टरकीची परवानगी कशी आणि कधी मिळावी, या प्रश्नावर लिहिण्यामागे घरचेच कारण आहे, ते आधी सांगतो. माझी पुतणी किरगिझस्तानातील बिश्केक येथे शिकून आली, दुसऱ्या प्रयत्नात स्क्रीनिंग टेस्ट उत्तीर्ण झाली आणि गेले नऊ महिने इंटर्नशिपच्या, म्हणजे नोंदणीआधी रुग्णालयात कराव्या लागणाऱ्या प्रशिक्षणाच्या, जागेची वाट पाहत शिंदखेडा तालुक्यातील आमच्या गावी बसून आहे.

ही स्क्रीनिंग टेस्ट, म्हणजे परदेशी वैद्यकीय पदवीधरांना इथे द्यावी लागणारी एफएमजीई परीक्षा, रद्द करावी किंवा सोपी करावी अशी मागणी अधूनमधून होते. मला ती मान्य नाही. 2002 पासून ही परीक्षा आहे. वर्षातून दोनदा होते, 300 प्रश्न असतात, 150 गुण लागतात, चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, आणि तरीही बहुतेक सत्रांत चार-पाच जणांमागे एकच जण उत्तीर्ण होतो. हे चित्र पाहून परीक्षेला दोष देण्यापेक्षा शिकवण्याकडे बोट दाखवणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल. परक्या देशात शिकलेल्या डॉक्टराला कोणताही देश डोळे मिटून आत घेत नाही. धुळ्यात एमबीबीएस झालेला मुलगा ब्रिटनला गेला, तर त्याला तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलची 'प्लॅब' द्यावी लागते. तिचा पहिला भाग लेखी असतो आणि दुसरा मँचेस्टरला जाऊन द्यायचा असतो, जिथे रुग्णाची भूमिका करणाऱ्या माणसांसमोर विचारपूस, तपासणी आणि उपचाराची बोलणी प्रत्यक्ष करून दाखवावी लागतात. अमेरिकेत तर परीक्षांच्या पायऱ्या चढूनही बहुतेक ठिकाणी पुन्हा रेसिडेन्सी, म्हणजे तिथल्या रुग्णालयातले प्रशिक्षण, करावी लागते, मग तो इथे कितीही वर्षे डॉक्टर असो. तेव्हा आपण आपल्याच मुलांची परीक्षा घेतो यात त्यांचा अपमान आहे, असे मला वाटत नाही.

आपल्या परीक्षेतली उणीव वेगळीच आहे. ती पूर्णपणे दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडण्याची आहे. सर्पदंशाच्या रुग्णाला प्रतिविषाची बाटली लावल्यावर दहा मिनिटांत त्याच्या अंगावर गांध्या उठल्या आणि श्वास अडकू लागला, तर ॲड्रेनालिन मांडीत टोचायचे हे हाताला माहीत असावे लागते. चार पर्यायांतून बरोबर उत्तर निवडता आले म्हणून हात चालतोच असे नाही. पावसाळ्यातल्या एका रात्री आमच्या केंद्रात हे घडले तेव्हा नव्याने रुजू झालेले डॉक्टर क्षणभर थिजले होते, आणि ते तर इथल्याच महाविद्यालयातून शिकून आलेले होते. परदेशी शिकलेल्या मुलांची अडचण त्याहून मोठी आहे. पुतणी सांगते, "नाना, वर्गात सगळं इंग्रजीत, पण वॉर्डात पेशंट रशियन नाहीतर किरगीझ बोलणारा. पहिली दोन वर्षं आम्ही नुसते खाटेच्या पायथ्याशी उभे असायचो." पुढे तिने नेटाने रशियन शिकून घेतले; सगळीच मुले शिकत नाहीत. रुग्णाच्या अंगाला हात लावण्याचा सराव त्यांना कमी मिळतो, ही टीका खोटी नाही.

पण मग हा सराव त्यांना मिळणार कुठे? आपल्या व्यवस्थेत त्याची एकच जागा आहे, ती म्हणजे इंटर्नशिप. ज्या उणिवेवरून या मुलांना नावे ठेवली जातात, ती भरून काढण्याच्या त्याच एका टप्प्यावर त्यांना थांबवून धरले जाते, आणि या पत्रातली माझी मुख्य तक्रार तीच आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये परिपत्रक काढून परदेशी पदवीधरांसाठी महाविद्यालयाच्या मंजूर जागांच्या साडेसात टक्क्यांपर्यंत जादा इंटर्न घेण्याची सोय केली. 100 जागांच्या महाविद्यालयात हा हिशेब सात जणांवर थांबतो. शुल्क घेऊ नये, विद्यावेतन इथल्या इंटर्नइतकेच द्यावे, असेही आयोगाने सांगितले आहे. सोय चांगली आहे, पण ती अपुरी आहे. शिवाय कोरोनाकाळात ऑनलाइन शिकलेल्यांसाठी नियम परिपत्रकागणिक बदलत गेले. पुतणीकडे एका कार्यालयाने ऑनलाइन तासांची प्रत्यक्ष भरपाई झाल्याचा दाखला मागितला. तो बिश्केकहून शिक्क्यांसह यायला अडीच महिने लागले, आणि आल्यावर कळले की दरम्यान नमुना बदलला आहे. तिच्या त्या निळ्या फायलीत आता पासपोर्टच्या छायाप्रतीच तेरा आहेत, मी मोजल्या.

दिवाळीनंतर मी गावी गेलो होतो. सकाळी ओट्यावर शेजारचे एक म्हातारबा आले, हातात औषधांची रिकामी पाकिटे. "माय, एवढं दखी दे व," म्हणाले. पुतणीने स्वतःच्या यंत्रावर त्यांचा रक्तदाब मोजला, तो बराच वाढलेला होता. गोळ्या बंद पडून तीन आठवडे झाले होते. तिने त्यांना जवळ बसवून, मीठ किती, गोळी कधी, आजच तालुक्याला का गेले पाहिजे, हे सगळे नीट समजावले. चिठ्ठी मात्र लिहिली नाही. मला म्हणाली, "नाना, मी सांगू शकते, लिहून देऊ शकत नाही. नोंदणी नाही माझी." म्हातारबा तालुक्याला गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार होता आणि बाजारच्या दिवशी आमच्या गावात एक माणूस, ज्याच्याकडे कसलीच पदवी नाही, पत्र्याच्या खोलीत सलाईन लावतो. म्हातारबांनी तिथे सलाईन लावून घेतली. वाढलेल्या रक्तदाबाच्या माणसाला सलाईन! शिकलेली आणि परीक्षा उत्तीर्ण झालेली मुलगी कायदा पाळून गप्प बसते आणि न शिकलेला माणूस बिनधास्त सुया टोचतो, हे पाहून मला त्या रात्री झोप लागली नाही.

खानदेशात धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. धुळ्याचे जुने, जळगावचे 2018 चे आणि नंदुरबारचे 2020 चे. त्यांना आसपासची ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये जोडून, परीक्षा उत्तीर्ण झालेल्या परदेशी पदवीधरांना निकालानंतर ठरावीक मुदतीत, समजा 60 दिवसांत, इंटर्नशिपची जागा देणे अशक्य आहे का? इंटर्नशिपमध्ये सामुदायिक वैद्यकशास्त्राचे 12 आठवडे असतातच. ते सातपुड्यात द्यावेत. मोलगी, तोरणमाळ, नर्मदाकाठचे पाडे. इथे आजही अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत खांद्यावर आणावे लागते आणि लोकांनी त्या झोळीला 'बांबूलन्स' असे नाव ठेवले आहे. दुर्गम पाड्यांवर फिरणाऱ्या भरारी पथकांतले डॉक्टर, परिचारिका आणि आशाताई यांच्या बळावर तिथला गाडा चालतो, हे मी जवळून पाहिले आहे. इंटर्नने स्वतंत्रपणे उपचार करू नयेत, वरिष्ठांच्या देखरेखीखालीच काम करावे, हे मान्य. पण केंद्रात जादा हात असतील तर वरिष्ठांनाही उसंत मिळते. भाषेचा प्रश्न काढणाऱ्यांना एवढेच सांगतो, की ज्या मुलीने वॉर्डातल्या रुग्णांसाठी रशियन शिकून घेतली, तिला पावरी आणि भिली या इथल्या आदिवासी बोली अवघड जाणार नाहीत.

आता मुले परदेशी शिकायला जाण्याआधीचे थोडे. 2024 मध्ये 23 लाखांहून अधिक मुलांनी वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा दिली आणि देशातल्या एमबीबीएसच्या सगळ्या जागा सव्वा लाखाच्या आत होत्या. खासगी जागांचे शुल्क आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून भावाने तापीकाठची दोन एकर बागायत विकली. ज्या एजंटाने प्रवेश करून दिला, त्याने इथल्या परीक्षेबद्दल 'ती काय, होऊन जाते' एवढेच सांगितले होते. 18 नोव्हेंबर 2021 पासूनच्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा आणि एकाच संस्थेतला असावा लागतो, त्यानंतर 12 महिन्यांची इंटर्नशिप तिथे आणि 12 महिन्यांची इथे. फिलिपीन्समधला चार वर्षांचा एमडी (तिथली मूळ डॉक्टरकीची पदवी) या 54 महिन्यांत बसत नव्हता, आणि हे अनेक पालकांना पैसे भरून झाल्यावर समजले. हे नियम मराठीत, एका पानावर, नीटच्या निकालाच्या दिवशी प्रत्येक तहसील कार्यालयात आणि कनिष्ठ महाविद्यालयात लावले जावेत, अशी माझी विनंती आहे. आपल्या वृत्तपत्रानेही ते दरवर्षी छापावेत.

पुतणीच्या अर्जावर अद्याप उत्तर आलेले नाही. तिला मोलगीला नेमले तर ती आनंदाने जाईल, असे तिने मला सांगितले आहे. पहिले पंधरा दिवस सोबत राहायला मी तयार आहे; त्या पाड्यांवरच्या पायवाटा मला पाठ आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सहायक,
शहादा, जि. नंदुरबार