बेसबॉलची शिष्यवृत्ती नेमकी किती?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांविषयीच्या मजकुरात मधूनमधून अशी बातमी वाचायला मिळते की, अमक्यांच्या मुलाला खेळाच्या जोरावर विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली. बातमी खरी असते आणि कौतुकही रास्त असते. परंतु ती शिष्यवृत्ती किती, किती वर्षांची आणि कोणत्या अटींवर, हे बातमीत नसते, आणि तेवढ्या आधारावर इतर पालक आपापल्या मुलांच्या शिक्षणखर्चाची गणिते मांडू लागतात. मी न्यू जर्सीत राहतो. माझा मुलगा हायस्कूलमध्ये कॅचर (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा, फलंदाजामागे चेंडू झेलणारा) म्हणून खेळत असे आणि त्याच्या मागे मागे मी चार वर्षे या कॉलेज बेसबॉलच्या निवडप्रक्रियेतून गेलो आहे. क्रिकेटवर वाढलेल्या माझ्यासारख्या बापाला तिच्यातील बऱ्याच गोष्टी उशिरा कळल्या. इतरांना त्या वेळेवर कळाव्यात म्हणून हे पत्र.

आधी एक गैरसमज दूर केलेला बरा. २००८ साली रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भारतीय भालाफेकपटूंना पिट्सबर्ग पायरेट्स या व्यावसायिक संघाने करारबद्ध केले, ही कथा भारतात अनेकांच्या लक्षात आहे. ‘बेसबॉलमध्ये असे होते’ हे नातेवाइकांचे वाक्य बहुधा तिच्यावरूनच आलेले असते. त्या कथेचा कॉलेजशी काहीही संबंध नाही. इथल्या हायस्कूलमधून बेसबॉल खेळणाऱ्या मुलांची संख्या साडेचार लाखांहून अधिक आहे. त्यांतील शंभरापैकी सातआठ मुले एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या तिन्ही विभागांत मिळून कुठेतरी खेळतात, आणि ज्याला डिव्हिजन वन म्हणतात त्या पहिल्या विभागात जेमतेम दोनतीन पोहोचतात. या विभागात सुमारे ३०० संघ आहेत. सर्वांचे डोळे मात्र ओमाहा येथील कॉलेज वर्ल्ड सिरीज या अंतिम टप्प्यात दिसणाऱ्या आठ संघांकडे लागलेले असतात.

आता पैशाविषयी. अमेरिकन फुटबॉलच्या बड्या संघांत ८५ खेळाडूंना पूर्ण शिष्यवृत्ती मिळत असे, त्यामुळे ‘अॅथलेटिक स्कॉलरशिप’ म्हणजे फी, राहणे, जेवण सगळे फुकट, अशी समजूत रूढ झाली. बेसबॉलमध्ये तसे कधीच नव्हते. अनेक वर्षे डिव्हिजन वनच्या एका संघाला एकूण ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम वाटण्याची मुभा होती, आणि ती जास्तीत जास्त २७ खेळाडूंत वाटायची. सरासरी काढली तर एकाच्या वाट्याला ४३ टक्के येतात. प्रत्यक्षात चांगल्या पिचरना, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांना, जास्त आणि बाकीच्यांना २५ टक्क्यांच्या किमान मर्यादेजवळ, असेच वाटप बहुतेक ठिकाणी होई. संघ ३५ जणांचा असल्याने उरलेले आठजण खेळाचा एक डॉलरही न घेता खेळत. शिवाय अनेक संघांकडे ११.७ इतकाही निधी नसे. दुसऱ्या विभागात ही मर्यादा नऊ शिष्यवृत्त्यांची, तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती मुळीच नाही, आणि हार्वर्ड, प्रिन्स्टन, येल यांची आयव्ही लीग पहिल्या विभागात असूनही खेळासाठी पैसे देत नाही. हे सगळे जाहीर नियम आहेत, गुपित काही नाही. तरीही माझ्या ओळखीच्या दहा पालकांपैकी नऊजणांना मुलगा अकरावीत जाईपर्यंत ते ठाऊक नव्हते, आणि त्या नऊजणांत मी होतो.

६ जून २०२५ रोजी कॅलिफोर्नियातील फेडरल न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी ‘हाउस’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यातील तडजोडीला मान्यता दिली आणि वरचे गणित बदलले. या तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांवर शिष्यवृत्त्यांच्या संख्येची मर्यादा राहिली नाही. त्याऐवजी संघातील खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली. बेसबॉलसाठी ती ३४ आहे. ‘आता चौतीसच्या चौतीस जणांना पूर्ण शिष्यवृत्ती!’ असा उत्साह आमच्या मैदानावरच्या पालकांत काही दिवस होता. कागदावर ते शक्य आहे. पण पैसा विद्यापीठानेच उभा करायचा असतो, आणि तो ज्यांच्याजवळ आहे असे संघ मोजके आहेत. बाकीच्यांच्या दृष्टीने बदलाचा अर्थ इतकाच की, कोविडनंतर काही वर्षे जे संघ ४० खेळाडू ठेवत होते त्यांना आता सहा जागा कमी कराव्या लागल्या. त्या सहा जागांवर बहुधा कोण असे? नुकताच हायस्कूलमधून आलेला, एखाददोन वर्षांत तयार होईल अशा आशेने घेतलेला, अठरा वर्षांचा मुलगा.

त्या मुलाला दुसरा फटका ट्रान्स्फर पोर्टलचा. २०१८ साली सुरू झालेल्या या व्यवस्थेतून खेळाडू आपले नाव नोंदवून दुसऱ्या कॉलेजात जाऊ शकतो. २०२१पासून पहिल्या बदलीनंतर वर्षभर बाहेर बसण्याची अट गेली आणि २०२४पासून बदल्यांच्या संख्येवरचे बंधनही गेले. भरीला मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट (संघांनी फेरीफेरीने नवे खेळाडू निवडणे), जो २०१९पर्यंत ४० फेऱ्यांचा होता, तो २०२१पासून २० फेऱ्यांवर आला, त्यामुळे पूर्वी व्यावसायिक खेळात गेली असती अशी पुष्कळ मुले कॉलेजातच राहिली. प्रशिक्षकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. एकीकडे २१ वर्षांचा, कॉलेजच्या पिचिंगसमोर दोन हंगाम खेळलेला तयार खेळाडू आहे आणि दुसरीकडे आपला बारावीतला मुलगा. पुढच्या हंगामात सामने जिंकले नाहीत तर ज्याची नोकरी जाणार आहे त्याने कोणाला घ्यावे, याबद्दल रागावण्यात अर्थ नाही.

संपर्काच्या नियमांबद्दलही घरोघरी गोंधळ असतो. पहिल्या विभागाचे प्रशिक्षक मुलगा अकरावीत जाण्याआधीच्या १ ऑगस्टपासून त्याच्याशी फोन, मेसेज आणि मेलद्वारे निवडीसंबंधी बोलू शकतात. दुसऱ्या विभागात ही तारीख १५ जून आहे. त्याआधी मुलाने पाठवलेल्या मेलला उत्तर आले नाही, तर तो नकार नसतो, नियम असतो. मेल मात्र मुलानेच लिहावी. उत्तीर्ण होण्याचे वर्ष, खेळण्याची जागा, उंची, वजन, शाळेतील गुण, येत्या सामन्यांचे वेळापत्रक आणि दोनतीन मिनिटांचा व्हिडिओ, एवढे त्यात पुरते. माझ्या मुलाच्या पहिल्या मेलमध्ये मी त्याच्या जिद्दीविषयी, घरच्या संस्कारांविषयी आणि शाळेतील तबल्याच्या कार्यक्रमाविषयी तीन परिच्छेद घातले होते. त्याने ते मला न विचारता काढून टाकले. नंतर एका प्रशिक्षकांनी आम्हाला बोलता बोलता सांगितले की, ज्या मेलमधून वडिलांचा आवाज येतो ती ते शेवटपर्यंत वाचत नाहीत. मी त्या वेळी खिडकीबाहेर पाहत होतो.

शोकेस नावाच्या चाचणी-मेळाव्यांना आणि कॉलेजांच्या शिबिरांना किती पैसे घालावेत, हा सर्वांत अवघड प्रश्न. कॅचरला होम प्लेटपासून (फलंदाज उभा राहतो तिथून) दुसऱ्या बेसपर्यंत, म्हणजे १२७ फुटांहून थोडे जास्त अंतर, चेंडू पोहोचवायला किती वेळ लागतो याला ‘पॉप टाइम’ म्हणतात, आणि तो दोन सेकंदांच्या आसपास असेल तरच पुढचे बोलणे होते. पिचरच्या चेंडूचा वेग, बॅटवरून निघालेल्या चेंडूचा वेग, ६० यार्डांची धाव, ही मोजमापे दार उघडतात यात शंका नाही. पण ती एकदा नीट मोजून घेतली की तोच मुलगा तीन आठवड्यांत तीन राज्यांत जाऊन दाखवायचा कशासाठी, हे मला अजून कळलेले नाही. एक अनुभव सांगतो. अकरावीच्या हिवाळ्यात एका विद्यापीठाकडून मुलाच्या नावाने पत्र आले, ‘आमचे तुझ्यावर लक्ष आहे’ अशा आशयाचे, खाली प्रशिक्षकांची सही. आम्ही विमानाने गेलो, हॉटेलात राहिलो, शिबिराचे शुल्क भरले. मैदानावर शंभराहून अधिक मुले होती आणि बहुतेकांकडे तेच पत्र होते. सही करणारे प्रशिक्षक दोन दिवसांत फक्त एकदा, फोटोसाठी, दिसले. यात नियमबाह्य काही नव्हते. शिबिरे हे प्रशिक्षकवर्गाच्या उत्पन्नाचे एक साधन असते आणि निमंत्रणे यादीवरून जातात, हे मला ठाऊक नव्हते, इतकेच. तेव्हापासून आमच्या घरी एक नियम झाला: प्रशिक्षकाने स्वतः फोन करून, मुलाच्या एखाद्या विशिष्ट सामन्याचा उल्लेख केला, तरच शिबिराला जायचे. त्यानंतर आम्ही फक्त दोन शिबिरांना गेलो.

पिचर मुलांच्या पालकांना या खर्चाखेरीज आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ साली ‘पिच स्मार्ट’ नावाने जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांनुसार १५-१६ वर्षांच्या मुलाने एका दिवसात ९५ पेक्षा आणि १७-१८ वर्षांच्या मुलाने १०५ पेक्षा अधिक चेंडू टाकू नयेत, मधल्या विश्रांतीचे दिवस पाळावेत आणि वर्षातून काही महिने चेंडू फेकणे पूर्ण थांबवावे. शाळा आपल्यापुरते चेंडू मोजते, उन्हाळी संघ आपल्यापुरते मोजतो आणि शोकेसमध्ये रडार गनसमोर सर्वशक्तीने टाकलेले चेंडू कोणीच मोजत नाही. मुलाच्या संघातील एका पिचरच्या कोपरावर सतराव्या वर्षी टॉमी जॉन शस्त्रक्रिया, म्हणजे कोपराचा फाटलेला अस्थिबंध बदलण्याची शस्त्रक्रिया, झाली. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी ती प्रथम केली तेव्हा रुग्ण टॉमी जॉन हा ३१ वर्षांचा व्यावसायिक पिचर होता; आता हायस्कूलच्या मुलांचे पालक तिच्याबद्दल दाढ काढल्यासारखे बोलतात, हे ऐकून अंगावर काटा येतो.

तोंडी होकाराविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण सगळ्यात जास्त अश्रू तिथे गाळले जातात. प्रशिक्षक जागा देऊ करतो, मुलगा हो म्हणतो, समाजमाध्यमांवर विद्यापीठाच्या रंगात सजवलेले छायाचित्र झळकते आणि आजीआजोबांना भारतात फोन जातात. या टप्प्यावर दोघांपैकी कोणीही कशानेही बांधलेला नसतो. बाजारात तुरी म्हणतात ती हीच. पूर्वी बारावीत ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’वर सही होई, तेव्हा गोष्ट पक्की होत असे, १९६४पासून चालत आलेली ती पद्धत ऑक्टोबर २०२४मध्ये बंद झाली आणि तिची जागा विद्यापीठाच्या आर्थिक साहाय्याच्या लेखी कराराने घेतली. म्हणजे ज्याला खेळासाठी पैसे देऊ केलेले नाहीत त्याच्या हाती कागद येतच नाही, आणि ज्याच्या हाती येतो त्यानेही तो एका वर्षाचा आहे की चार वर्षांचा, हे वाचून घेतले पाहिजे. मधल्या काळात प्रशिक्षकच बदलला, तर नव्या माणसाला जुन्याचा शब्द पाळण्याचे बंधन नसते. आमच्या शेजारच्या गावातील एका शॉर्टस्टॉपचे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाचे) नेमके असे झाले, तेही बारावीच्या ऑक्टोबरमध्ये, जेव्हा इतर कॉलेजांच्या जागा भरत आल्या होत्या.

म्हणून भेटीच्या वेळी मैदान, जिम आणि कपड्यांचे खण पाहण्यात वेळ घालवण्यापेक्षा संकोच सोडून विचारावे. या जागेवर सध्या किती खेळाडू आहेत आणि ते कोणत्या वर्षात आहेत. गेल्या वर्षी हायस्कूलमधून घेतलेल्यांपैकी आज किती संघात आहेत. दुखापत झाली तर साहाय्याचे काय. अभियांत्रिकीची प्रयोगशाळा दुपारी असेल तर सरावाचे काय. मोठ्या माणसाला असे विचारणे आपल्याकडे उद्धटपणाचे मानले जाते आणि माझ्या मुलालाही पहिल्यांदा जड गेले. चांगल्या प्रशिक्षकांनी आकड्यांत उत्तर दिले. ज्यांनी ‘आमचे हे कुटुंब आहे’ असे सांगून विषय बदलला, त्यांची नावे आम्ही यादीतून खाली नेली.

अभ्यासाच्या बाबतीत मराठी घरांना उपदेशाची गरज नाही, पण एक तांत्रिक गोष्ट निसटते. एनसीएएच्या पहिल्या विभागासाठी हायस्कूलमधील १६ मान्यताप्राप्त विषय लागतात, त्यांतील १० बारावी सुरू होण्याआधी पूर्ण व्हावे लागतात आणि त्या विषयांची सरासरी ४ पैकी किमान २.३ असावी लागते. सरासरीची अट हलकी आहे, विषयांची यादी मात्र नववीतच तपासावी. खरे म्हणजे गुणांचा उपयोग पात्रतेपेक्षा पैशासाठी अधिक होतो. तिसऱ्या विभागाची कॉलेजे खेळासाठी काही देत नसली तरी गुणवत्तेवर आणि कौटुंबिक उत्पन्नावर साहाय्य देतात, आणि अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात तेथील अनेक प्रशिक्षक मुलाची गुणपत्रिका प्रवेश विभागाकडून आधीच पाहून घेतात, त्यामुळे अंदाज लवकर येतो. ज्यांना शरीराने भरायला वेळ हवा आहे किंवा घरची ऐपत बेताची आहे, त्यांच्यासाठी दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजे आहेत. तिथला खेळाडू दर वर्षी ड्राफ्टला पात्र असतो आणि खेळायलाही लवकर मिळते. आपल्या समाजात मात्र ज्युनियर कॉलेजचे नाव काढले की चेहरे पडतात, आणि ‘डिव्हिजन थ्री’ म्हटले की ‘असू दे, तेही चांगले’ असे सांत्वन मिळते.

माझ्या मुलाला दुसऱ्या विभागातील एका विद्यापीठाने खेळासाठी काही रक्कम देऊ केली होती. तिसऱ्या विभागातील एका कॉलेजने गुणांवर दिलेले साहाय्य तिच्या दुपटीहून अधिक निघाले आणि त्याला हवा तो संगणकशास्त्राचा अभ्यासक्रमही तिथेच होता. तो तिथे गेला. ‘बेसबॉलची स्कॉलरशिप मिळाली ना?’ या प्रश्नाला ‘नाही, गणिताची मिळाली’ असे उत्तर देतो, तेव्हा विचारणाऱ्याला तो विनोद वाटतो.

यापुढे अशी बातमी आपल्याकडे आली, तर रक्कम, मुदत आणि ती खेळाची की गुणांची, एवढे विचारून छापावे, अशी विनंती आहे. कुटुंबाला रक्कम सांगायची नसेल तर निदान बाकीचे दोन तपशील द्यावेत. मुलाचा पहिला हंगाम आता वसंतात सुरू होईल. संघाचा मुख्य कॅचर चौथ्या वर्षात आहे, त्यामुळे यंदा बहुतेक सामने त्याला मैदानाच्या कडेला पिचरांचे सरावाचे चेंडू झेलण्यात काढावे लागतील. हे प्रशिक्षकांनी त्याला प्रवेशाआधीच, माझ्यासमोर, स्पष्ट सांगितले होते.

आपला,
एक पालक, न्यू जर्सी