बडोद्याला आलो होतो, त्याबद्दल

एम्डेन, जर्मनी
17 नोव्हेंबर

ती. बाबा आणि आईस,
बाळूचा साष्टांग नमस्कार.

मी बरा आहे. खोकला पूर्ण गेला. थंडी आहे, पण घर गरम असतं आणि कानटोपी घातल्याशिवाय मी बाहेर पडत नाही. जेवणही वेळेवर होतं. तेव्हा ती काळजी नको.

आई, गेल्या रविवारी तू फोनवर दोन वाक्यं बोललीस आणि बाबांच्या हातात फोन देऊन आत गेलीस. का, ते मला वहिनीने नंतर सांगितलं. तिने तुला दाखवलेला माझा बडोद्यातला फोटो जुना नाही. मी खरंच बडोद्याला आलो होतो, चार दिवस. तुम्हाला कळवलं नाही, हे माझं चुकलं.

मकरपुऱ्यात आमच्या कंपनीसाठी एक ट्रान्सफॉर्मर तयार झाला आहे, त्याच्या चाचण्या समोर उभं राहून बघायच्या होत्या. बाबा, तुम्हाला हीट रन आठवत असेल. मी बडोद्यात नोकरीला असताना रात्र रात्र फोन उचलायचो नाही, तो त्याच चाचणीपायी. तेलाचं तापमान चढत जातं आणि सलग तीन तास ती वाढ ताशी एक अंशाच्या आत राहिली, तरच चाचणी पुरी होते. तोवर जागचं हलता येत नाही. चार दिवसांत एकच संध्याकाळ मोकळी मिळाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कागदांवर सह्या करायच्या होत्या. रात्री नवजीवन एक्स्प्रेस पकडली असती तर सकाळी जळगावला उतरलो असतो, पण सह्यांच्या वेळेला परत बडोद्यात पोचलो नसतो. मी हा हिशेब तीनदा करून बघितला. आधी सांगितलं असतं तर तू वांगी भाजून वाट बघत बसली असतीस, म्हणून गप्प राहिलो.

ती संध्याकाळ मी दांडिया बाजारात मास्तरांकडे घालवली. मास्तर म्हणजे आमच्या टेस्टिंगचे. मला मीटर धरायलासुद्धा त्यांनीच शिकवलं. काकू 2021 साली गेल्या. त्या वेळी मी इथून फक्त दोन ओळींचा मेसेज केला होता. पहिली दोन वर्षं मी त्यांच्याच हातचा डबा खाल्ला, हे तुला ठाऊक आहे. त्यांच्या फोटोला नमस्कार करायला तरी जायलाच हवं होतं, आई.

मास्तरांनी जुन्या चौघांना बोलावून ठेवलं होतं. चहा त्यांनी स्वतः केला, पुदिना आणि गवती चहा घालून, काकू करायच्या तसाच. गवती चहाला तिकडे लीली चा म्हणतात. आम्ही बशीत ओतून प्यायलो. पूर्वी रात्री दोन वाजता लॅबच्या दारात अर्धा अर्धा ग्लास प्यायचो, आणि पुढचं रीडिंग कोण घेणार यावर भांडण व्हायचं. आता एकाचे केस पांढरे झालेत. एकाचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. वाइंडिंग खात्यातल्या मित्राला मी कसं तोंड दाखवू असं वाटत होतं. 2018 मध्ये मी ऐन ऑर्डरीत नोकरी सोडली आणि माझ्या वाट्याच्या रात्री त्यानेच काढल्या. नंतर एकदाही मी त्याला फोन केला नव्हता. मी माफी मागायला लागलो तर म्हणाला, "राहू दे रे, चहा थंड होतोय." आणि स्वतःच्या कपातला अर्धा माझ्या बशीत ओतला. मला पुढे बोलता आलं नाही.

चहावरून सांगतो. आई, इकडचे लोकही चहाचे वेडे आहेत. जर्मनीत सगळीकडे कॉफी, पण हा समुद्राकाठचा भाग ओस्टफ्रीसलांड. इथे माणशी वर्षाला 300 लिटर चहा पितात, आणि पत्ती असते बहुतेक आपल्या आसामची. पण पिण्याची रीत ऐक. आधी छोट्या कपात खडीसाखरेचा मोठा खडा टाकतात. त्यावर कडक गरम चहा ओतला की खडा तडतडतो, आणि तो आवाज ऐकायला सगळे गप्प होतात. मग चिमुकल्या डावाने साय कपाच्या कडेने सोडतात, घड्याळाच्या उलट्या दिशेने. ती खाली जाऊन ढगासारखी वर येते. आणि ढवळायचं नाही! आधी साय, मग कडू चहा, शेवटी गोड, असं क्रमाने प्यायचं. चमचा मिळतो, पण तो ढवळायला नाही. बस झालं की तो कपात ठेवायचा, नाहीतर भरतच राहतात. तीन कप तर घ्यावेच लागतात. शेजारच्या आजींकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा हे मला माहीत नव्हतं. चमचा बशीतच राहिला आणि मी सहा कप प्यायलो. त्या फार मायाळू आहेत. मी इथे एकटा पडलोय असं समजू नकोस.

त्या संध्याकाळी मास्तरांनी विचारलं, "घरी जाऊन आलास?" मी नाही म्हटलं. ते काही बोलले नाहीत. उठून काकूंचा स्टीलचा डबा काढला, त्यात लीलो चेवडो भरला आणि म्हणाले, "आईला दे." चेवडा टिकणारा नव्हता. इथे येऊन मीच संपवला, पण घास गिळवत नव्हता. डबा धुऊन ठेवला आहे. तो मी स्वतः आणून तुझ्या हातात देणार आहे.

कारण वैशाखात छकुलीच्या लग्नाला मी येतोय. तीन आठवड्यांची रजा लेखी मंजूर झाली आहे. बाबा, हॉलसाठी दीड लाख काल पाठवलेत, बँकेत बघा. उरलेले महिनाअखेरीस पाठवतो. तुम्ही सोसायटीचं कर्ज काढू नका, आणि दादाकडेही मागू नका, त्याच्यावर घराचा हप्ता आहे. पाचोऱ्याच्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलीशी फोनवर बोलायला मी तयार आहे. मात्र मला अजून दोन वर्षं इथेच काढायची आहेत, हे त्यांना आधीच स्पष्ट सांगा, नंतर कुणी फसवलं म्हणायला नको.

वहिनीला रागावू नका, फोटो दाखवला ते बरंच केलं.

रविवारी नेहमीच्या वेळेला फोन करतो. आई, या वेळी फोन तूच उचल.

तुमचा,
बाळू