रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून

सांगली,
९ जुलै

प्रिय नंदू,

काल रात्री तुझ्या रिपोर्टांचे अकरा फोटो आले आणि खाली एकच ओळ : ‘यात काहीतरी निघायला हवं होतं गं.’ फोन केला असता तर तू मला दोन वाक्यंही धड बोलू दिली नसतीस. म्हणून लिहूनच पाठवते.

बावीस वर्षं लोकांना सुया टोचतेय. ‘नॉर्मल’ वाचून चेहरा पडलेली माणसं मी खूप पाहिलीत. रात्री दोनला ज्याच्या छातीत घोडा उधळतो, त्याला तो शब्द ‘नाटकं करतोस’ असाच ऐकू येतो. त्यात भाऊजी म्हणाले, ‘सगळं मनाचं आहे.’ मनाचं म्हणजे काय, शरीराबाहेर टांगलेलं असतं का?

तुझा ईसीजी काढला, थायरॉइड पाहिलं, साखर पाहिली. त्या तपासण्या घबराट शोधायला नव्हत्याच. थायरॉइड जास्त चाललं तरी हात थरथरतात, छाती धडधडते. म्हणून आधी तो चोर आपल्या घरात नाही ना, एवढंच बघायचं असतं. चिंतेच्या आजाराची स्वतःची अशी भरवशाची रक्ततपासणी अजून कुणाकडेच नाही, ना आमच्या लॅबमध्ये, ना मुंबईत, ना अमेरिकेत. जैविक मानसोपचाराच्या जागतिक महासंघाने तज्ज्ञ बसवून जनुकं, मेंदूचे स्कॅन, संप्रेरकं, हृदयाच्या ठोक्यांतले चढउतार असं सगळं चाळलं आणि २०१६ व २०१७ मध्ये दोन भागांत अहवाल काढला. निदानासाठी भरवसा ठेवावा असं एकही चिन्ह त्यांना मिळालं नाही.

म्हणून तू विचारलेलं ते ‘स्ट्रेस प्रोफाइल’, रक्तातून ताण मोजतो म्हणणारं, करू नकोस. माझ्याच धंद्याविरुद्ध बोलतेय, पण ऐक. त्यात मुख्य असतं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक. ते पहाटे चढतं, मध्यरात्री तळाला जातं. सकाळी आठचं सॅम्पल आणि दुपारी चारचं सॅम्पल, माणूस तोच, आकडे वेगळे. रात्रपाळी, स्टेरॉइड, गर्भनिरोधक गोळ्या, सगळ्यांनी ते हलतं. सुई बघून मूठ आवळणाऱ्यांचं तर विचारूच नकोस. बरं, घबराट असलेल्यांत ते नेहमी जास्तच निघतं असंही नाही. सेरोटोनिन म्हणजे मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन, ते रक्तात मोजलं तरी तीच गत : शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, त्यावरून मेंदूत काय चाललंय ते कळत नाही.

पण शरीरात काही घडतच नाही असं समजू नकोस. १९६७ मध्ये पिट्स आणि मॅक्लूर या दोन संशोधकांनी घबराटीचे झटके येणाऱ्यांना शिरेतून सोडियम लॅक्टेट नावाचं द्रावण दिलं. बहुतेकांना तिथेच झटका आला, निरोगी माणसांत फारच थोड्यांना. पुढे पस्तीस टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेचा एकच श्वास देऊनही तसंच होताना दिसलं. मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांनी १९९३ मध्ये म्हटलं की या माणसांच्या आत गुदमरण्याची घंटा असते, ती विनाकारण वाजते. लिफ्टमध्ये तुला होतं ना, ‘हवाच संपली’ असं? ते वाचताना मला तूच आठवलीस.

आणखी एक ऐक. अमेरिकेत एक बाई आहे, शास्त्रज्ञ तिला एस. एम. एवढंच म्हणतात. दुर्मीळ आजारात तिच्या मेंदूतला भीतीचा बदामाएवढा भाग, अमिग्डाला, दोन्ही बाजूंनी गेला. पाळीव प्राण्यांच्या दुकानात नेलं तर साप हातात घेऊन त्याच्या जिभेला बोट लावून बघितलं हिने! पण तिला तोच कार्बन डायऑक्साइड वायू हुंगायला दिला तेव्हा तीसुद्धा घाबरून गेली, आणि तसाच आजार असलेल्या जुळ्या बहिणीही. २०१३ चा हा प्रयोग. घबराट थेट श्वासातूनही उठू शकते, ती ‘विचार करून करून’ ओढवून घ्यावी लागत नाही. हे भाऊजींना वाचून दाखव.

मग हीच तपासणी का करत नाहीत? कारण झटके न येणाऱ्यांपैकीही काहींना त्या वायूने झटका येतो. आणि झटका देऊन झटक्याचं निदान करायचं म्हणजे पाय मोडून हाड तपासण्यासारखं.

मनगटावरचं घड्याळ हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतरातला फरक दाखवतं म्हणालीस. चिंतेच्या आजारांत तो फरक सरासरीने कमी असतो, हे खरं. पण वय, व्यायाम, झोप, औषधं, नुसता श्वास लांबवला तरी तो बदलतो. तू पहाटे उठून तो आकडा बघतेस आणि तो बघूनच धडधडतेस. महिनाभर घड्याळ कपाटात टाक.

आकडाच हवा असेल तर तो कागदावरच्या सात प्रश्नांचा आहे. चिंता मोजायच्या त्या कागदाला जीएडी-७ म्हणतात, २००६ पासून वापरात आहे. गेल्या दोन आठवड्यांत काय काय किती वेळा झालं, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण एकवीस. दहा किंवा त्याहून जास्त आले की डॉक्टर नीट बसून विचारपूस करतात. तुझे सोळा आले होते. साधा कागद वाटतो, मलाही वाटला होता, पण उपचार लागू पडतोय का हे दर दोन आठवड्यांनी त्यावर दिसतं. त्याच्या शेजारी आपलं एक खातं घाल : आठवड्यात झटके किती आले, आणि तुमच्या नाशिकच्या त्या गजबजलेल्या रविवार कारंजा चौकात एकटी किती वेळा जाऊन आलीस. मला त्यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. गोळ्या सुरू केल्या आहेत, त्यांना काही आठवडे दे, मधेच स्वतःच्या मनाने सोडू नकोस.

पंचवीस तारखेला माझी सुट्टी आहे. नाशिकला येते, दोघी मिळून कारंजावर जाऊ. मग एका लिफ्टमध्येही चढू, ती मात्र तू निवडायचीस.

तुझी,
मंदा

ता. क. पत्र पाकिटात घालताना पुन्हा फोटो बघितले. अगं, सातव्या फोटोत हिमोग्लोबिन कमी आहे, फक्त ९.६! ईसीजी बघून सगळे ‘नॉर्मल’ म्हणाले आणि हे कुणी वाचलंच नाही. याने घबराटीचा आजार होतो असं नाही, पण जिना चढताना धाप आणि धडधड यानेही होते, आणि तुझं मन ती झटक्याच्या खात्यात मांडतं. उद्याच डॉक्टरांना दाखव.